रावजी गुरवाचा तुटलेला शंख

मंडळी, एक सांगा — भक्तीला जोर लावला म्हणजे ती देवाला लवकर पोचते का हो? माना डोलावू नका, आधी ऐका!

सोमेश्वराच्या देवळात रावजी गुरव. तीस वर्षं पहाटेचा शंख त्याचा! आणि सोवळं किती? देवाच्या शंखाला अमंगळ तोंड लागायला नको, म्हणून रोज कोळसा-मिठानं दात घासायचा. कसा? बायांनो, तुम्ही पितळी समई घासता ना — तसा! रक्त आलं तर म्हणायचा, "मळ निघतोय!"

हळूहळू हिरड्या मागे सरल्या, दातांची मुळं उघडी पडली. गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात! एका सोमवारी त्यानं शंखासाठी श्वास ओढला, गार वारा मुळांना झोंबला — आणि शंखाचा नाद अर्ध्यावर तुटला. तीस वर्षांत पहिल्यांदा! रावजी पिंडीपुढे रडला. "देवा, काय चुकलं माझं?" आणि दुसऱ्या दिवशी काय केलं? दुप्पट घासलं! वा रे भक्त!

शेवटी बायकोनं, यमुनेनं, हाताला धरून तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई म्हणाल्या, "काका, दात लखलखीत आहेत. तुम्ही हिरडीच घासून काढलीत! ती पुन्हा वाढत नाही. टाळूचा पातळ पापुद्रा काढून मुळांवर शिवू."

"आणि टाळूचं काय?"

"ती भरून येते. आपली आपण."

महाराज, विचार करा — ज्या तोंडाला हा रोज ओरबाडत होता, त्याच तोंडानं उघड्या मुळांना पांघरूण दिलं! बाईंचे टाके आपल्याला दिसतात. पण टाळू आतून कोण भरतो? कुणाचा हात तो? माझ्या तर अंगावर काटा येतो!

टाके पडले. मग महिनाभर मऊ भात, पेज. शंख बंद. मग बाईंनी परवानगी दिली. पहाटे मऊ ब्रश, तोही हलक्या हातानं — यमुना दारात उभी, "हळू हो!" रावजीनं भीतभीत श्वास ओढला. गार वारा आत गेला... कळ नाही! शंख असा घुमला, की यमुनेनं उंबऱ्यावरच हात जोडले.

हसलात ना रावजीला? मग घरात सुनेला रोज कोण घासतं? पोराला कोण खरवडतं? म्हणे, "मळ काढतोय!" अहो, मुळं उघडी पडलीत त्यांची, म्हणून तुमचा साधा शब्दही झोंबतो. आज घरी गेलात की हात हलका ठेवा. ज्या तोंडानं उघडं पाडलंत, त्याच तोंडानं पांघरूण घाला — आणि मगच म्हणा, हर हर महादेव!