ओठ मिटून शिकवताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या छापखान्याचे मालक आदरणीय साहेब, त्यांच्या शेजारी नव्या कोऱ्या शर्टात अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती बाइंडरकाका, काकू, जुळणी, छपाई आणि बांधणी या तिन्ही खात्यांतली मंडळी, आणि चहाच्या किटलीवर डोळा ठेवून मागच्या रांगेत बसलेले माझे मित्र,

मला पाच मिनिटं दिली आहेत. उभी राहून अर्धं मिनिट झालं नसेल, तेवढ्यात मी दोनदा घड्याळाकडे आणि तीनदा दाराकडे पाहिलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कारण सांगून टाकते, म्हणजे तुम्हालाही माझ्याबरोबर दाराकडे बघता येईल.

माझी भिंगरी आठ वर्षांची आहे. तुम्ही तिला ओळखता. नाव भिंगरी असलं तरी तिचं सगळं निवांत चालतं. घरातली खरी भिंगरी मी आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. गेली तीन वर्षं मी तिला घरीच वाचन आणि गणित शिकवते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कामावर यायच्या आधी एक तास आणि परतल्यावर एक तास. या घटकेला ती शेजारच्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंसमोर बसली आहे, तिचे बाबा बाहेर थांबले आहेत. कधी न पाहिलेलं एक पान तिला वाचायचं आहे आणि विसाच्या आतल्या बेरजा करायच्या आहेत. जमलं तर तिला दुसरीच्या वर्गात बसता येईल. नाही जमलं तर आमचं टेबल कुठे जात नाही. पण पुढच्या वर्षी तिचं वय त्या वर्गाच्या पलीकडे गेलेलं असेल, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. आणखी एक. निकाल त्या आम्हाला सांगणार नाहीत. कागदावर लिहून तिच्याच हातात देणार आहेत. "तिचा निकाल तिनंच वाचावा," म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, शाळेच्या दाराशी उभी राहायची सोडून ही बाई इथे भाषण काय करते आहे? ते या सत्कारमूर्तींना विचारा. समारंभाची वेळ साहेबांनी साडेपाचची ठरवली होती. काकांनी हट्ट धरून ती चारवर आणली. साहेबांना वाटलं, काकांना लवकर घरी जायचं असेल. तसं काही नव्हतं. भिंगरीची परीक्षा चारला होती आणि मी तिथे असता कामा नये, असं यांचं म्हणणं. चौतीस वर्षांच्या नोकरीचा निरोप माणसाला एकदाच मिळतो. तो या गृहस्थांनी मला इथे अडकवून ठेवण्यासाठी वापरला.

का वापरला, ते ऐका. गोष्ट माझ्या फजितीची आहे.

मी प्रुफं वाचते. पंधरा वर्षं वाचते आहे. प्रुफं वाचणाऱ्याला एक खोड जडते, वाचताना ओठ हलतात. आवाज निघत नाही, पण प्रत्येक शब्द ओठांवरून जातो. नुसत्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. छपाईतली मंडळी माझी नक्कल करतात, हेही मला माहीत आहे. दुसऱ्या रांगेतले मशीनवाले ती सगळ्यांत चांगली करतात. हसू नका, तुमच्याचबद्दल बोलते आहे.

तर भिंगरीचं असं आहे की ऐकलेलं तिच्याकडून निसटतं आणि पाहिलेलं राहतं. म्हणून मी शब्दांची कार्डं केली. पाणी, दार, बूट, फुगा, चमचा. कार्ड आम्हा दोघींमध्ये ठेवायचं, आधी मी वाचायचं, मग तिनं. पुढे मी आवाज काढणं बंद केलं, तरी ती बरोबर वाचायची. आठ महिन्यांत तिला साठ शब्द यायला लागले. माझे पाय जमिनीवर नव्हते. नातेवाइकांना घरी बोलावून मी तिचं वाचन ऐकवलं. "कशाला त्या पोरीला छळतेस?" असं म्हणणाऱ्या माझ्या जाऊबाईंना तर मुद्दाम दोनदा ऐकवलं.

कार्डं वापरून मळली. मी काकांना म्हटलं, चांगल्या जाड पुठ्ठ्यावर नवी करून द्या. ती घेऊन ते स्वतः घरी आले. टेबलाशी बसले, गठ्ठा ठोकून कडा सारख्या केल्या, आणि वरचं कार्ड भिंगरीपुढे धरलं. मी समोरच्या बाजूला होते. मला नुसती कार्डाची पाठ दिसत होती. भिंगरीनं कार्डाकडे पाहिलंच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे. आणि वाट बघत राहिली.

दुसरं कार्ड, तिसरं, दहावं. एक शब्द नाही.

मग काकांनी एक कार्ड माझ्याकडे वळवलं. आता भिंगरीला त्याची पाठ दिसत होती. मी चकार शब्द काढला नाही. भिंगरी आनंदानं म्हणाली, "फुगा." कार्डावर फुगाच होता.

काका हळूच म्हणाले, "प्रूफताई, पोरगी वाचते गं. पण कार्ड नाही, तुला वाचते."

मला सांगा, एवढी उघड गोष्ट आईला दिसू नये? दिवसभर लोकांच्या चुका शोधणाऱ्या बाईला? मी तेव्हा रडले नाही, भडकले. काकांना म्हणाले, "तुम्ही पुठ्ठे कापा, शिकवायचं माझं मी बघते." दोन वर्षं तो शब्द मला सलतो आहे. काका, तो मी आज सगळ्यांसमोर मागे घेते. तुम्ही मान हलवून सोडून द्याल, पण मला तो बोलून दाखवल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे पुन्हा दारात हजर. राग नाही, रुसवा नाही. फक्त मला म्हणाले, "आजपासून तू भिंतीकडे तोंड करून बस."

बसले. त्यांनी कार्ड धरायचं आणि मी भिंतीकडे बघत ओठ मिटायचे. साठ शब्दांवरून आम्ही शून्यावर आलो होतो. तीन आठवडे माझ्या पाठीमागे नुसती शांतता. मला ती शांतता सोसत नाही हो. मी रुमाल चावायची, पाय हलवायची, भिंतीवरचे पोपडे मोजायची. एकदा न राहवून मान वळवली, तर काका म्हणाले, "परीक्षा तुझी चालली आहे की तिची?" आणि मग एका गुरुवारी मागून आवाज आला, "दार." मी वळून बघणार, तोवर "बूट." त्या दिवशी रडले. भिंतीकडे तोंड करूनच रडले.

गणिताचंही श्रेय यांचंच. बाइंडर कागद कसे मोजतो ते तुम्ही रोज पाहता, पंख्यासारखे पसरून पाच-पाच. काकांनी कागदाचे पट्टे कापले, पाच-पाच पट्टे दोऱ्यानं शिवून टाकले, बाकीचे सुटे ठेवले. आठ म्हणजे एक शिवलेला आणि तीन सुटे. सहा म्हणजे एक शिवलेला आणि एक सुटा. आठ आणि सहा किती, असं मी वर्षभर बोटांवर, मोठ्यानं, घाईघाईनं विचारत होते आणि पोर गांगरून जात होती. पट्टे हातात आल्यावर ती सावकाश म्हणाली, "शिवलेले दोन. सुटे चार. चौदा." काकांनी शाबासकी दिली नाही. "हं," म्हणाले आणि पुढचे पट्टे ठेवले. यांच्या हाताखाली काम केलेल्यांना त्या "हं"ची किंमत ठाऊक आहे.

साहेब, माझी पाच मिनिटं संपली, मला कळतंय. पण पावणेपाच वाजले, परीक्षा अर्ध्या तासाची होती, आणि दार अजून तसंच बंद आहे. उशीर चांगला की वाईट, तुम्हीच सांगा. वाचताना अडली असेल का? पट्ट्यांची पिशवी तिनं बरोबर नेली आहे ना? सकाळपासून चारदा तपासली, तरी...

आले.

भिंगरीच्या बाबांच्या चेहऱ्याकडे बघू नका, त्यावरून लग्नाच्या दिवशीही काही कळलं नव्हतं. भिंगरी, ये. वाट द्या तिला. नाही, माझ्याकडे नको, कागद मला दाखवू नकोस. काकांजवळ जा. काका, तुम्ही धरा तो तिच्यापुढे, नेहमीसारखा.

मंडळी, तिचा आवाज मागपर्यंत पोचणार नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. माइक माझ्याजवळ आहे. ती म्हणेल ते मी तिच्यामागून म्हणते.

"भिंगरी." ते तिचं नाव, ते तिला येतंच.

"सोमवारी."

थांबली आहे. कुणी सांगू नका. मशीनवाले, ओठ मिटा.

"सोमवारी दुसरीच्या."

"वर्गात."

"ये."

अजून एक ओळ आहे म्हणते. सावकाश, बाळा. आम्हाला कुणालाही घाई नाही.

"डबा आण."

अध्यक्षमहोदय, तुम्ही मला बोलायची संधी दिलीत आणि वेळेच्या पुढे जाऊ दिलंत, तुमची मी आभारी आहे. काकू, दोन वर्षं तुमच्या संध्याकाळी आम्ही वापरल्या, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. काका, तुमच्याबद्दल बोलायला उभी राहिले आणि सगळा वेळ स्वतःच्या लेकीबद्दल बोलले, ते पोटात घाला. मंडळी, चुका शोधणं हे माझं रोजचं काम. आजच्या माझ्या भाषणातल्या चुका तुम्हाला सापडल्या असतील, त्या आजच्यापुरत्या मला सांगू नका.

काका, मी अजून भिंतीकडेच बघते आहे. आता वळू का?