हिरव्या शाईचा दाखला

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी — हो, दहाच मिनिटं, नर्सबाईंच्या मागं भिंतीवर घड्याळ होतं आणि कळा सोसताना मी त्याच्याकडेच बघत होते, दुसरं बघायला होतं काय तिथं — चार दहाला ही जन्मली, आणि तिथनंच हे सगळं सुरू झालं, मावशी. तुम्ही विचारलंत ना, नगरपालिकेच्या बाकावर सकाळपासून एवढी तरणी बाई का बसलीय, का रडतेय — रडत नव्हते मी, धूळ गेली डोळ्यात — तर त्यापायी. मारिएतू, त्या रांजणात हात घालू नकोस गं, लोकांचं प्यायचं पाणी आहे ते! — हीच ती. सहा वर्षांची झाली. सोमवारी शाळा सुरू, दप्तर घेऊन झालंय, रात्री उशाशी घेऊन झोपते. आणि सरकारच्या लेखी ही जन्मलेलीच नाही. हसू नका. बरं, हसा, इथं सगळेच हसतात.

दाखला आहे की! हा काय. हातात घ्या, घ्या ना. शिक्का दिसतोय? सही दिसतेय, हिरव्या शाईतली? ती सही बघून आमची अख्खी कोळीवस्ती निवांत झोपायची. वर आकडा — दोनशे चौदा. मंगळवारी शाळेच्या गुरुजींनी सांगितलं, याची नक्कल आणा नगरपालिकेतनं, नवी, यंदाच्या सालाची. मी आले खिडकीशी. खिडकीतल्या साहेबांनी जाडजूड वही काढली, फुंकर मारली, बोट फिरवलं, आणि म्हणाले, दोनशे चौदा म्हणजे मुलगा आहे. कोणी एक साइदू, बाप खाटीक. म्हटलं साहेब, माझी तर मुलगी आहे, बाप मासेमारीला गेलाय. ते म्हणाले, बाई, तुझी मुलगी वहीत नाही. मागं बघ, पुढं बघ — नाहीच. कसं असतं, ठाऊक आहे ना, प्रत्येक दाखल्याचं अर्धं पान वहीत राहतं, पावतीपुस्तकासारखं. माझ्या अर्ध्याला दुसरं अर्धंच नाही.

लिहिलं कोणी? आतिमेनं. आतिमे गिंदो. तो समोर लिंब दिसतोय, खाली लाकडी स्टूल पडलंय — तिथं बसायचा. आडनावावरनं कळलंच असेल, कड्यावर कांदे पिकवणाऱ्या दोगोन जमातीचा. आणि मी करबेंता, बोझो जमातीची, नदीतल्या कोळ्यांची. म्हणजे तुम्ही समजलात! — तुम्हालाच हसू आलं बघा. दोगोन दिसला की बोझोनं त्याला शिव्या घालायच्या, बोझो दिसला की दोगोननं घालायच्या, आणि राग कुणीच धरायचा नाही. लहानपणापासून हेच. आमच्या कुठल्या तरी पूर्वजानं दुष्काळात यांच्या भुकेल्या पोराला आपल्या मांडीचं मांस कापून भरवलं म्हणे, तेव्हापासून एकमेकांचं रक्त काढायचं नाही, लग्न करायचं नाही, फसवायचं नाही. फसवायचं नाही, मावशी! हे मला माझ्या आजीनं सांगितलंय, त्याला त्याच्या आजीनं सांगितलं नसेल? सांगितलंच असेल.

मी ओली बाळंतीण, आठवडा झालेला, नर्सबाईंनी दिलेली चिठ्ठी पदराच्या गाठीत. या पायऱ्या चढायला भीती वाटली. आत टाय लावलेली माणसं, फ्रेंच बोलणार, बस म्हणायची नाहीत. आणि हा झाडाखालनं ओरडला — कोण आली गं ही, सगळा रस्ता मासळीच्या वासानं भरला! एवढं बरं वाटलं मला. परक्या दारात कुणीतरी आपलं भेटल्यासारखं. म्हटलं, ए कांद्या, तुझ्या तोंडाच्या वासानं लिंब वाळला, आधी ते बघ. त्यानं स्टूल दिलं. स्वतः उभा राहिला. चिठ्ठी घेतली, वाचली, आणि म्हणाला — नीट ऐका हं, मावशी, हे मला त्या दिवसापासून पाठ आहे — म्हणाला, मला इथनं हाकललंय गं, मासळीबाई, मागच्याच महिन्यात. माझ्या हातचा कागद नेऊन वाळलेले मासे बांध त्यात. आजूबाजूची चार माणसं हसली. मीपण हसले. म्हटलं, हाकलणारच, दोगोनला कामावर ठेवतं कोण, ये आमच्याकडे, होडी वल्हव — पण तुला तर गुडघाभर पाण्याची भीती वाटते! तो हसला. मग त्यानं पिशवीतनं दाखल्यांचं पुस्तक काढलं, हिरवी शाई काढली, आणि लिहिलं. नाव, वेळ, चार दहा. अक्षर किती सुंदर बघा.

आता सांगा, मला कसं कळणार? दोगोननं बोझोला खरं बोलायचं कधी असतं? असतं, पण ते असं थट्टेत? बाजारात एका दोगोननं मला सांगितलं होतं, तुझा नवरा मगरीनं खाल्ला, मी तुझ्याशी लग्न करतो, ये — मी काय घरी जाऊन रडायचं? तर हे त्यातलंच वाटलं. आणि ते खरं होतं. अगदी शब्दन् शब्द. नोंदणीच्या कामावरनं त्याला काढून टाकलं होतं. पुस्तक त्यानं परत केलं नव्हतं, शिक्काही नाही, आणि इथल्या एकानंही सहा वर्षांत खिडकीतनं डोकं काढून झाडाखाली कोण बसलंय ते विचारलं नाही. समोर बसायचा हो! वीस पावलांवर! साहेबांना परवा विचारलं तर म्हणतात, आम्ही जाहीर केलं होतं. कुठं? तर तुमच्या डोक्यामागं. वळून बघा. तो पिवळा पडलेला कागद, एका खिळ्यावर लटकलेला. “आतिमे गिंदो यांचा नोंदणीशी यापुढे संबंध नाही.” फ्रेंचमध्ये आहे. मला वाचता येतं. सातवीपर्यंत शिकलेय मी. आमच्या वस्तीतल्या बायकांत मी एकटीच.

तेच तर. मारिएतूचा दाखला मी घरी नेला, भिंतीवर लावला. शेजारची सालीमाता आली — कुंबा, माझ्या लेकाचंही करून देशील का गं, तुला वाचता येतं, तुझी ओळख आहे. ओळख आहे! हा शब्द ऐकून काय वाटलं सांगू? वाटलं मीच सरकार झाले. मग तिची जाऊ आली, मग घाटावरची, मग तिची बहीण. मी चिठ्ठ्या घ्यायची, चार वाळलेले मासे घ्यायची, यायची, शिव्या द्यायची-खायची, दाखला घेऊन जायची. अकरा मुलं, मावशी. आमची धरून बारा. बायका मला बाजारात पुढं जागा द्यायला लागल्या. सासूनं मला ओरडणं सोडलं. मासे सगळे त्याला पोचायचे का? — नाही पोचायचे. एखादा मी ठेवायची. ही अंग धरत नव्हती तेव्हा. जाऊ दे ते. ते कशाला बोलले मी.

मारिएतू, इकडे ये, इथं बस. या आजींना त्रास देऊ नको.

तर परवा, मंगळवारी, खिडकीतनं निघाले ती थेट झाडाखाली. म्हटलं, आतिमे, हे काय केलंस? तो म्हणाला, मी सांगितलं होतं. चार जणांसमोर सांगितलं होतं, दरवेळी सांगितलं, तू हसलीस. मी काय करू? म्हटलं, तू लिहिलंस कशाला मग! म्हणतो, तू मागितलंस म्हणून. बोझोनं मागितलं तर दोगोननं नाही म्हणायचं नसतं. वर म्हणतो, मला परत घेतील असं वाटायचं, परत घेतलं की एका दिवसात सगळी वहीत चढवणार होतो, चिठ्ठ्या जपून ठेवल्यात घरी पेटीत. पेटीत! मी ओरडले. पहिल्यांदा खरीखुरी ओरडले त्याच्यावर, आमच्या पूर्वजानं मांडी कापून तुझं पोर जगवलं आणि तू माझं पोर बुडवलंस — आणि लोक हसायला लागले. सगळी रांग. त्यांना वाटलं नेहमीसारखं चाललंय. एक म्हातारा टाळ्या वाजवत होता, वा गं पोरी, भरडलंस त्याला! मी रडत होते आणि तो टाळ्या वाजवत होता.

मग परत आत गेले. साहेब, तक्रार लिहा. नाव? कुंबा करबेंता. कुणाविरुद्ध? आतिमे गिंदो. त्यांनी पेन खाली ठेवलं. बोझो आणि दोगोन? म्हणाले, अगं मग तुमचं तुम्ही बघा, यात सरकार काय करणार, आणि शेजारच्या टेबलाकडे बघून डोळा मारला. मी तिथंच उभी राहिले. खूप वेळ. हलले नाही. तेव्हा कुठं त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले — आणि हे महत्त्वाचं आहे, मावशी, हे तुम्ही विसरायचं नाही — म्हणाले, ज्या बाईनं आपणहून येऊन हा कागद दाखवला, ती फसलेली धरू, तिला न्यायाधीशांपुढे नेऊ, दोन साक्षीदार आणले तर मुलाचा नवा दाखला होईल, वेळ लागेल पण होईल. पण ज्या बाईनं हा कागद शाळेत दिला आणि तिथनं तो आमच्याकडे आला, तिनं खोटा कागद चालवला असं होणार. मग तिला पोलीस विचारणार. आणि शाळा सोमवारी. त्यातल्या ज्यांची पोरं शाळेच्या वयाची झालीत, त्या सोमवारी हिरवे दाखले घेऊन रांगेत उभ्या राहणार.

सांगितलं का त्यांना? — नाही. मंगळवारी घरी गेले तर सालीमाता चुलीशी बसली होती, मला बघून उठली. काम झालं का गं? म्हटलं, साहेब नव्हते. काल परत तेच, साहेब नव्हते. आणि काल संध्याकाळी घाटावरची जेने आली, कडेवर नऊ दिवसांचं बाळ, आणि नर्सबाईंची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. आणि मी घेतली. घेतली हो! ही काय, गाठीत आहे. सगळ्या वस्तीत मला एकटीला वाचता येतं, आणि हा खिळ्यावरचा कागद मी सहा वर्षांत वाचला नाही, कारण या पायऱ्याच चढले नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?

तुम्ही म्हणाल, तुला माहीत नव्हतं गं. तुझा काय दोष.

नव्हतं माहीत. — थांबा. एक सांगते. गेल्या उन्हाळ्यात, शेवटच्या जुळ्यांचे दाखले आणायला आले होते. झाडाखाली कोणी नव्हतं, आम्ही दोघंच. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं, ए कांद्या, अजून जिवंत आहेस का. तो पेन हातात धरून बसला, शाईचा थेंब कागदावर पडला. मग हळू आवाजात म्हणाला, कुंबा, हे आता नको करूस, हे कागद चालत नाहीत. कुंबा म्हणाला. नावानं हाक मारली. सहा वर्षांत त्यानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती, मारतच नाहीत आमच्यात. आणि तो हसत नव्हता. मला दिसलं की तो हसत नाही. मग — मग मीच हसले. मोठ्यानं. म्हटलं, लिही रे, दोगोनला कधीपासून अक्कल आली. आणि त्यानं लिहिलं.

मला ऐकू आलं होतं, मावशी.

झाडाखाली आज स्टूल तसंच आहे. काल बसला नाही, आज नाही. पेटी घेऊन कड्याकडं गेला म्हणतात. जाऊ दे. त्याचं काय करायचं ते त्याचे पूर्वज बघतील आणि माझे.

तुमची होडी दुपारची ना? म्हणालात की कोळीवस्तीच्या धक्क्याला लागते म्हणून. मला आज हलता येत नाही, इथल्या साहेबांनी ओळखपत्र ठेवून घेतलंय, न्यायाधीशांचा कारकून कधीही हाक मारेल, आणि गेले की पुन्हा सगळं पहिल्यापासून. ही चिठ्ठी धरा. जेनेला द्या, नऊ दिवसांच्या बाळाची आई, कोणीही दाखवेल. तिला म्हणावं, या पायऱ्या चढून आत जा, झाडाखाली कोणी बोलावलं तरी थांबू नको, आणि वहीत नाव चढलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाहेर येऊ नको, वाचता येत नसलं तरी बोट ठेवायला लाव त्यांना. आणि बाकीच्यांना सांगा — हिरवी सही असेल त्यांनी सोमवारी शाळेत जायचं नाही. उद्या इथं यायचं. कागद घेऊन, दोन साक्षीदार घेऊन. कुणी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं, तर म्हणा, बाकावर एक अनोळखी बाई भेटली होती —

नको. असं नका म्हणू. मग हसतील, थट्टा समजतील. कुंबा करबेंतानं सांगितलं म्हणा. कुंबा रडत होती म्हणा. धूळ नव्हती गेली.

उठा मावशी, होडीवाला थांबत नाही कुणासाठी. धक्क्यावर जी पहिली दिसेल तिलाच सांगा, आणि तिला म्हणावं, तू पुढच्या दारी सांग.