वाकडी ओळ

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या अंगावर कोरा खाकी गणवेश, बुटांना चिखल.

“कैद्यांवरची मुकादमी जमली का रे पहिल्या दिवशी?”

“जमली की. गाडीतून उतरले, कुदळी दिल्या, बागेत कामाला लावलं, काम संपल्यावर परत तुरुंगात पोचवलं.”

“ते राहू दे. हे होते का त्यांच्यात?”

“हळू बोल, ताई. होते. दाजी सगळ्यात शेवटी उतरले.”

“वाळलेत?”

“थोडे.”

“बोलले तुझ्याशी?”

“कसे बोलणार? नातं कळलं तर माझी नोकरी जाईल, आणि त्यांचं बाहेर येणं बंद होईल. उलट मीच ओरडलो, ‘ए, टोपी नीट घाल!’ जीभ रेटत नव्हती गं.”

“मग हे?”

“‘हो साहेब’ म्हणाले. हसू दाबत होते.”

“उद्या मी येते. लांब बाकावर बसेन, अक्षरही बोलणार नाही.”

“तू रडशील. त्यापेक्षा सकाळी याच बसनं जा. त्यांना रस्त्याकडच्या कुंपणाचं काम दिलंय. पाठमोरे दिसतील.”

“पाठ पुरे मला.”

“ही बघ, आली बाग. कुंपणालगत आज लावलेली रोपं दिसली?”

“थांब, सांगू नकोस. ती वाकडी ओळ यांची ना? घरी साध्या कुंड्या सरळ मांडता आल्या नाहीत कधी.”

“तीच. मोठे साहेब म्हणाले, उपटून सरळ लावून घे.”

“घे ना. पण एकदम नको रे. रोज थोडी थोडी.”