दोन दिवसांत काय बघायचं

धाकटा : ...आणि दीपगृह चारला उघडतं, म्हणजे त्याच्या आधी किल्ला उरकायचा. मत्स्यालय उद्या. आता खाऊन घे पटकन, होडी दहाची आहे.

ताई : होडी राहू दे.

धाकटा : का? बोट लागते तुला?

ताई : तसं नाही रे.

धाकटा : मग कसं? बायको-पोरांना मागं ठेवून, जन्मात पहिल्यांदा आपण दोघं कुठंतरी फिरायला आलोय. आठवडाभर मी लिफ्टच्या खड्ड्यात उकिडवा बसून तारा जोडतो, म्हटलं दोन दिवस वारा खाऊ. आणि तू कालपासून तोंडात गुळणी धरल्यासारखी. तो चहा बघ, साय धरली त्याच्यावर.

ताई : बारक्या, मी तुला फिरायला म्हणून आणलेलं नाही.

धाकटा : ...दुखतंय का काही तुझं? डॉक्टरला दाखवायला आलोय का आपण? सरळ सांग.

ताई : मला काही झालेलं नाही. आई इथं आहे.

धाकटा : कुणाची आई?

ताई : आपली.

धाकटा : ती मिठाची डबी दे इकडं.

ताई : ऐकलंस ना?

धाकटा : ऐकलं. मीठ दे.

ताई : घे. इथल्याच एका मोठ्या हॉटेलात, कपडे धुतात त्या विभागात होती ती. सव्वीस वर्षं. आता वृद्धाश्रमात आहे. साखरेनं डोळे गेले. मूत्रपिंडंही गेली, यंत्रावर ठेवतात आठवड्यातून तीनदा. डॉक्टर म्हणाले, फार दिवस धरून चालू नका.

धाकटा : तुला कधीपासून माहीत आहे हे?

ताई : चार वर्षं. बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरलं, त्यात तिची पत्रं होती. एकही फोडलेलं नव्हतं. पाठीमागं पत्ता होता.

धाकटा : चार वर्षं! आणि मी तुला दर रविवारी फोन करतो. पोरांच्या परीक्षा, बायकोची पाठदुखी, शेजाऱ्यांचं कुत्रंसुद्धा तुला पाठ आहे. एवढी एक गोष्ट तुला सांगायला सुचली नाही?

ताई : सुचली नाही असं कसं होईल.

धाकटा : मला नाही भेटायचं. मी सहा वर्षांचा होतो, ताई. सकाळी तिनं माझा भांग पाडला, संध्याकाळी ती घरात नाही. रोज पायरीवर बसायचो मी. शेवटी बाबा बखोट धरून आत न्यायचे, तेही न बोलता. ती बाई एकदा तरी फिरकली?

ताई : आली होती.

धाकटा : कधी?

ताई : दीड महिन्यानं. माझ्या शाळेच्या फाटकाबाहेर, मधल्या सुट्टीत. पायात रबरी चपला, हात पाण्यानं पांढरेफटक पडलेले. मला म्हणाली, राहायला खोली मिळाली आहे. रविवारी नऊच्या गाडीनं जाऊ. बारक्याला घेऊन स्टँडवर ये, दोघांचे कपडे आण.

धाकटा : मग?

ताई : पिशवी भरली. तुला बूट घातले. फिरायला जायचंय म्हटल्यावर तू खोलीभर उड्या मारत होतास. आणि दारात बाबा बसले होते दाढी करत. आरशातूनच माझ्याकडं बघून म्हणाले, "मला काही खायला करशील का गं?" बाबा बोलायचे कुठं कुणाशी? त्याआधी माझ्याकडं त्यांनी कधी काही मागितलंच नव्हतं. मी पिशवी खाटेखाली सरकवली आणि स्वयंपाकघरात गेले.

धाकटा : आणि ती?

ताई : शेवटची गाडी जाईपर्यंत उभी होती. तिनंच सांगितलं मला, चार वर्षांपूर्वी. मग पत्रं टाकत राहिली. उत्तर नाही. तिला वाटलं, पोरांनाच यायचं नाही. बारक्या, मी तुला तिच्याबद्दल सांगितलं असतं, तर स्टँडचंही सांगावं लागलं असतं. म्हणून चार वर्षं माझी जीभ उचलली नाही.

धाकटा : म्हणजे बत्तीस वर्षं मी भलत्याच माणसावर दात धरून बसलो.

ताई : माझ्यावर धर आता.

धाकटा : तुझ्यावर कसा धरू? गोवराच्या तापात पंधरा दिवस माझ्या उशाशी कोण बसलं होतं? अकरा वर्षांची तू, चूल सांभाळून माझा अभ्यास घ्यायचीस. तुझ्यावर राग धरायचा म्हटलं तर सुरुवात कुठून करू, तेच कळत नाही. हीच तर पंचाईत आहे.

ताई : भेटायची वेळ दुपारी असते. मी एकटी जाऊन येईन.

धाकटा : ...मी येतो. पण मी कोण ते सांगायचं नाही. ऑफिसातला माणूस म्हण, गाडी चालवायला आलाय म्हण. नाहीतर मी फाटकातून परत फिरेन.

(त्याच दुपारी. वृद्धाश्रमातली खोली, खिडकीशी आरामखुर्चीत आई.)

आई : बसा हो. खुर्चीवर टॉवेल पडला असेल, तो सरकवा. दिसत नसल्याचा एवढाच फायदा, पसारा डोळ्यांत खुपत नाही.

ताई : हे माझ्या ऑफिसातले. यांनीच गाडी आणली.

आई : लांबचा पल्ला. पहिल्यांदाच आलात?

धाकटा : हो.

आई : किती दिवस आहात?

धाकटा : उद्या संध्याकाळी निघायचं.

आई : मग होडीच्या नादी लागू नका, अर्धा दिवस रांगेत जातो. किल्ल्यावर मागच्या दारानं जा, चढ कमी आहे. दीपगृहाच्या एकशे बेचाळीस पायऱ्या आहेत, पण वर गेलात की शीण जातो म्हणतात. आणि समुद्राकाठच्या कठड्यावर बसलात तर भरतीची वेळ विचारून बसा, नाहीतर घरी ओले जाल.

धाकटा : चांगली माहिती आहे तुम्हाला.

आई : अहो, हातात चादरींचा गठ्ठा घेऊन लिफ्टमध्ये शिरले की पाहुणे मलाच विचारायचे, मावशी, दोन दिवसांत काय बघायचं? आल्यावर सांगायचेही, हे आवडलं, ते फुकट गेलं. त्यावरून पुढच्यांना सांगायचं.

धाकटा : म्हणजे तुम्ही स्वतः...

आई : छे! यातलं काहीच नाही बघितलं. मुलं आली की त्यांच्याबरोबर बघू म्हणून ठेवलं, ते ठेवलेलंच राहिलं. आता ही येते, तर माझे डोळे नाहीत.

ताई : अरे, ती उशी दे जरा. पाठीला लावते हिच्या.

धाकटा : ही घे. ...तुम्ही घर का सोडलंत? विचारलं तर चालेल?

ताई : कशाला आता ते...

आई : विचारू दे गं. मारझोड नव्हती, दोन वेळचं खाणं होतं. पण नवरा बोलायचा नाही. एक-दोन दिवस नव्हे, आठ-आठ महिने. ताट ठेवलं की जेवायचा, उठायचा. मी आहे की नाही, हेच मला कळेनासं झालं होतं. एक दिवस कपडे वाळत घालत होते. शेवटचा चिमटा दोरीला लावला आणि तशीच चालायला लागले. अंगावरच्या कपड्यांनिशी.

धाकटा : मुलं?

आई : शाळेत होती. तिथंच चुकले मी. आधी पाय टेकायला जागा बघू, मग नेऊ म्हटलं. त्या दीड महिन्यात सगळं हातचं गेलं. हिला वाटतं, हिच्यामुळं झालं. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मी एवढं ओझं दिलंच कसं, हे कुणी विचारत नाही.

धाकटा : ...निघतो मी. दीपगृह बंद होईल.

आई : जा, जा. उजेड आहे तोवर चढा. आणि वरून काय दिसतं, ते उद्या येऊन सांगाल का? खरं काय दिसतं ते सांगा. पाहुणे नुसतंच 'छान' म्हणायचे.

* * *

आई : कोण? सकाळी सकाळी?

धाकटा : मीच. कालचा. ताई खाली औषधं आणायला थांबली आहे.

आई : चढलात?

धाकटा : चढलो. पायऱ्या एकशे अडतीसच आहेत. दोनदा मोजल्या.

आई : बघा! सव्वीस वर्षं लोकांना चार जादा चढवल्या मी. काय दिसलं?

धाकटा : पाणी काठाला मातकट आहे. निळं फार लांबून सुरू होतं. तीन बोटी होत्या, एकीवर कपडे वाळत घातले होते. गावाकडं तोंड केलं की नुसती छपरं दिसतात, गंजलेल्या टाक्या दिसतात. तुमचं हॉटेल कुठलं, ते शेजारच्या माणसाला विचारलं. गच्चीवर दोऱ्या होत्या. कुणीतरी बाई चादरी झटकत होती. वरून बोटाएवढी दिसते.

आई : तेवढीच?

धाकटा : तेवढीच. मी तिच्याकडंच बघत राहिलो. पहारेकरी म्हणाला, साहेब, खाली चला, कुलूप लावायचंय.

आई : आणि मत्स्यालय?

धाकटा : कालच, खाली उतरल्यावर, दारापर्यंत गेलो. आत सगळ्या आया आणि पोरं. परत फिरलो.

आई : इकडं ये जरा. असा जवळ बस.

धाकटा : कधी कळलं तुला?

आई : काल. एवढी शिकलेली बाई ऑफिसातल्या माणसाला 'अरे' म्हणेल होय? आणि तूही उशी देताना 'घे' म्हणालास. पण म्हटलं, न सांगता आलाय, तर त्याच्या मनासारखं होऊ दे. उगाच नाव घेतलं आणि उठून गेलास तर?

धाकटा : गेलोच असतो.

आई : ठाऊक आहे. रागावला आहेस?

धाकटा : हो. कुणावर ते आता ठरत नाही, पण आहे. रात्रभर डोळा लागला नाही.

आई : असू दे. राग काढायला म्हणून तरी येत जा.

धाकटा : पुढच्या शनिवारी येतो.

आई : दुपारनंतर ये. सकाळी यंत्रावर ठेवतात, मग बराच वेळ मी माणसात नसते.