पुढं गेलाय

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हात पुसून घ्या. आज मी प्रश्न घेऊन आलोय! नाम घ्या, नाम घ्या, असं आम्ही तुम्हाला वर्षभर सांगतो – पण नाम विकता येतं का हो? हसू नका! बसथांब्यावर बघा, गावाचं नाव बारीक आणि बनियनवाल्याचं नाव हातभर मोठं. त्याला आपण चालवून घेतो. पण हाकेतलं नाव? ज्या नावानं कुणाला तरी बोलवायचं असतं, ते विकलं तर काय होतं?

ऐका तर! कोल्हापूर. तिथल्या लोकांचं सांगायला नको – तांबडा रस्सा, कुस्ती आणि फुटबॉल. पोरगं चालायला लागायच्या आधी लाथ मारायला शिकतं! तिथं एक रंगारी गल्ली, गल्लीत तालीम, तालमीत मारुती आणि तालमीचा फुटबॉल संघ. संघ कसा? खालच्या गटातला. दहा वर्षं खालच्याच गटात. वर जायचं नाव नाही आणि खाली जायला जागा नाही.

या संघाचे सेक्रेटरी हिंदुराव चौगले. लेथवर काम करून निवृत्त झालेला, साठीचा माणूस. बायको म्हणायची, माझी सवत चामड्याची आहे आणि तिच्यात हवा भरावी लागते! पण त्या वर्षी हवा भरायलासुद्धा पैसे नव्हते. पोरांचे बूट शिवून शिवून शिवायला जागा उरली नव्हती. त्यात स्पर्धेची नोंदणी फी वाढली. एका हंगामाची फी थकली की तालमीचं नाव यादीतून जाणार. साठ वर्षांची तालीम! हिंदुरावांना जेवण गोड लागेना.

आता या तालमीची एक रीत सांगतो. तिच्यावरच सगळं आख्यान उभं आहे, तेव्हा कान इकडे! सामन्याला निघायच्या आधी पोरं मारुतीपुढं उभी राहायची आणि हिंदुराव वहीतून हजेरी घ्यायचे. अकरा नावं. ज्याचं नाव, त्यानं म्हणायचं, ‘हजर.’ मग बारावं नाव – ‘शिवा?’

आणि सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं – ‘पुढं गेलाय.’

कोण शिवा? हिंदुरावांचा जोडीदार, गोलकीपर. चाळीस वर्षांमागं अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तापानं गेला. दुसऱ्या दिवशी हजेरीत सवयीनं त्याचं नाव निघालं. तेव्हा कुणीतरी रडत म्हणालं, पुढं गेलाय. म्हणजे मैदानावर पुढं गेलाय, आपण मागनं चाललोय! तेव्हापासून रीत पडली. शिवाची थोरली बहीण तानूआक्का दर सामन्याला तालमीच्या पायरीवर येऊन बसायची. भावाचं नाव ऐकायची आणि उठून घरी जायची. सामना कधी बघितला नाही तिनं.

तर असा तंगीचा काळ, आणि दारात आले प्रतापशेठ भोगावकर. इमारती बांधणारा बडा माणूस. याच गल्लीत वाढलेला, पण लहानपणी त्याला कधी कुणी संघात घेतलं नाही. ते शल्य हो! बंगला झाला, गाड्या झाल्या, शल्य काही जाईना. शेठ म्हणाले, तीन लाख देतो. निम्मे आत्ता, निम्मे हंगाम संपल्यावर. शर्टावर नाव नको, बोर्ड नको. ‘फक्त हजेरीत माझं नाव घ्या. शेवटचं. सगळे मिळून उत्तर देतात ना, ते.’

मंडळी, हिंदुरावांना कळलं नसेल? कळलं! पण डोळ्यापुढं फी होती, पोरांचे फाटके बूट होते. शेवटचं नाव एकच, अशी रीत. त्यांनी मनाला समजावलं, शिवा आपलाच आहे, तो काही रागावणार नाही. जी माणसं रागावत नाहीत त्यांचंच आपण आधी काढून घेतो, नाही का? हिंदुरावांनी वही उघडली. शिवाच्या नावावर रेघ मारली आणि आपल्या हातानं लिहिलं – प्रताप भोगावकर.

पहिला सामना. दुपारचे तीन, लख्ख ऊन. अकरा हजेऱ्या झाल्या. ‘प्रताप भोगावकर?’ पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग म्हणाली, ‘पुढं गेलाय.’

शेठ समोरच उभे! हसले, खूश झाले. बाहेर पायरीवर तानूआक्का बसून राहिली. हजेरी संपली हे तिला कळलंच नाही.

सामना जिंकला. पेढे वाटले. वाटणारा शेठच्या पुढ्यातून सरळ निघून गेला. चुकलं असेल! चहावाल्यानं ओळीनं सगळ्यांना कप दिले – डावीकडच्याला दिला, उजवीकडच्याला दिला. शेठचा हात तसाच. तेही चुकलं असेल! मग शेठ गाडीकडं गेले, तर गाडी नाही. हिंदुरावांनी ड्रायव्हरला फोन लावला, तर तो थंडपणे म्हणाला, ‘शेठ तर पुढं गेले की.’

दुसरा सामना. हजेरी झाली, उत्तर झालं, तोही जिंकला. हिंदुराव काही कामानं शेठच्या बंगल्यावर गेले. भर दुपारची वेळ. शेठची बायको जेवत होती, पान एकच वाढलेलं. शेठ कुठं, असं विचारलं, तर हसून म्हणाली, ते पुढं गेलेत. आणि मंडळी, शेठ तिच्या समोरच्या खुर्चीत बसले होते! घामानं डबडबलेले. हिंदुरावांकडं बघत होते.

‘सेक्रेटरी,’ ते म्हणाले, ‘तुम्हाला तरी दिसतोय ना मी? माझं नाव काढा तिथनं.’

दिसत होते. नाव लिहिणाऱ्याला दिसत होते, बाकी कुणाला नाही. आणि या घटकेला हिंदुरावांच्या मनात काय आलं माहीत आहे? नाव काढलं तर शेठ गल्लीत पाय ठेवेल का? मग उरलेले दीड लाख गेले. त्याचा चेक सही होऊन शेठच्या मॅनेजरकडं पडलाय. हंगाम संपला की मिळणार. हा माणूस कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. तक्रार कोण करणार? हिंदुरावांनी खुर्चीकडं पाठ केली. बाईंना नमस्कार केला आणि बाहेर पडले.

का हो, गप्प का झालात? दिसत असून न दिसल्यासारखं करणं – हे आपण कधी केलंच नाही, असं म्हणता?

हंगामातला शेवटचा सामना. जिंकला की वरचा गट! हिंदुराव वही घेऊन निघाले, तर पायरीवर तानूआक्का. त्यांचा हात धरला तिनं. हात गार.

‘हिंदू, शिवा घरी यायला लागलाय रं. दारात उभा राहतोय. म्हणतोय, आक्का, मला कुणी बोलवंना झालंय, आता मी जाऊ कुठं?’

मंडळी, आता हिंदुरावांना उमगलं. एक मेलेला माणूस घरात अडकला आणि एक जिवंत माणूस घरातनं पुसला गेला, एका रेघेनं! ते आत गेले. अकरा नावं घेतली. मग बारावं – ‘प्रताप भोगावकर?’

पोरांनी तोंड उघडलं, तसा हिंदुरावांनी हात वर केला. ‘थांबा. ज्याचं त्याला म्हणू दे.’

सगळे थांबले. दाराजवळची माती दबली, जसं कुणी पाय सरकवला. हिंदुरावांनी पुन्हा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. म्हणाले, प्रताप, माझं चुकलं, मी बघून न बघितल्यासारखं केलं, ओ दे बाबा. आणि दाराजवळून घोगरा आवाज आला –

‘हजर.’

पोरं दचकून वळली. शेठ उभे होते! कधी आले, कुणाला कळलं नाही. ते तिथंच खाली बसले आणि हमसून हमसून रडले. हिंदुरावांनी वही मिटली, कारण पुढचं नाव वाचावं लागत नव्हतं. ‘शिवा?’

‘पुढं गेलाय!’ बाहेर तानूआक्का पदर सावरून उठली आणि घरी गेली.

सामन्याचं काय? हरले! तीन-शून्य. शेठनं त्या गल्लीत पुन्हा पाय ठेवला नाही. दुसरा चेक थांबवला. त्यांना दोष देऊ नका, तुम्ही-आम्ही हेच केलं असतं. पुढच्या वर्षी फी भरता आली नाही आणि तालीम यादीतून गेली. छापील यादीत तुम्हाला ती सापडायची नाही. हिंदुराव ते दुःख घेऊनच जगले. मी खोटं सांगणार नाही, त्यांना ते शेवटपर्यंत सललं.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगितलं? तुमच्या घरी म्हातारे वडील आहेत, बायको आहे, भाऊ आहे. रोज समोर दिसतात. नावानं हाक कधी मारलीत? ‘ते काय, आहेत की आत’ – असं म्हणता ना? म्हणता म्हणता माणूस पुढं जातो, बाबांनो!

मी क्षणभर गप्प बसतो. शेजारी जो बसलाय, त्याला नावानं हाक मारा. मारा, लाजू नका. उत्तर आलं, तर त्याचा हात धरा. आणि नाही आलं, तर माझ्याकडं बघू नका – त्याच्या जागी तुम्ही कुणाचं नाव लिहिलंय, ते आठवा.