नदीकडची हद्द

शहापूरहून किन्हवलीला निघालेल्या एस्टीत सरिताबाईंच्या पुढच्या बाकावर कॉलेजातले दोघं टेकले, आदेश आणि भरत. सायबर कॅफेतल्या लढाईच्या गेममध्ये आदेशचं राज्य आत्ताच बुडालं होतं, आणि बुडवणारा त्याच्या शेजारीच बसला होता. गेममधलं बाईंना ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांचे कान पुढंच लागले होते.

“सगळे किल्ले घाटात बांधलेस, आदेश. किल्ला नुसता अडवून धरतो. मारायला मागून फौज यावी लागते.”

“माझा घाट पडला का? शेवटपर्यंत नाय पडला.”

“मग फौज कुठं होती तुझी?”

“तुझ्या राजधानीत. वाचव म्हणून तूच बोलावलीस.”

“गेममध्ये चालतं रे असं.”

“वाचवलं तुला, आनि तू नदीकडनं माझ्यात घुसलास.”

“नदीकडं एक तरी बुरूज बांधायचास. सगळं मोकळं रान ठेवलंस.”

“तिकडं तुझी हद्द होती, भरत. तिकडं मी कशाला बांधू?”

गाडी दोन थांबे पुढं गेली.

“तुझी सॅक मधी टोचते रे, आदेश. मांडीवर घे ना, रोज घेतोस तशी.”

“टोचू दे.”