छातीतली रुई

नाई वो बाई, सरकू नका, टीबी नाई मले — सारेच सरकतात, तुमचं काय चुकलं. चार पावलं चालली का असा भाता चालते माहा. नागपूरचीच बस ना तुमची? माहीबी तेच. बसा इकडं सावलीत, त्या बाकावर कुत्रं झोपलं हाय.

तं काय सांगून राहिली होती — हाव, दम. मी इथंच सौंसरच्या जिनिंगमधे होती, सरकी काढलेल्या कापसाच्या रुईवर. तिथं दम लागला का एकच इलाज — गूळ खा, छातीतली रुई खाली उतरते. सारेच खातात. मीबी खाल्ला. पायरी चढली का गूळ, हंडा उचलला का गूळ. साऱ्यायची रुई उतरे, माही काही उतरेना, तं मले वाटलं खडा लहान पडते — मंग मोठा खाल्ला! एवढी अक्कल माही. अन् सासूनं पाह्यलं, सून लपून गूळ खाऊन राहिली. लग्नाले नऊ वर्षं, पाळणा नाई. सासूनंच, अंबाबाईनं, मोहल्लाभर केलं — सुनेले डोहाळे लागले! शेजारची पंचफुला चिंच घेऊन आली. मी चिंचबी खाल्ली — घरी आलेलं कायले वापस करा? पोट काही वाढलं नाई. सुजले ते पाय.

मंग एक दिवस नळावर हंड्यासकट पडली. नवऱ्यानं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एक डाक्टर म्हणे, हिच्या हृदयाचं मांस सुजलं. दुसरा म्हणे, नाई, फुफ्फुसातल्या रक्ताच्या नळ्या आकसल्या, तिकडं रक्त लोटू लोटू हृदय थकलं. लय कमी लोकायले होते म्हणे हा रोग. झालं! रंगीत टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू, ते सोडून शिकणारी पोरं-पोरी माह्या छातीले नळी लावाले रांगेत उभी. चौथीत दोनदा नापास झाल्ली बाई मी, अन् माह्यावर डाक्टर शिकून राहिले! एक पोरगी तं थँक्यू म्हणाली. मीबी म्हटलं, या पुन्हा. — हसा ना, मीबी हसते.

औषध? सूज उतराच्या गोळ्या देल्या. नळ्या मोकळ्या कराचं औषध कोणापाशीच नाई म्हणे. फक्त श्रावण — माहा नवरा — गोळ्या आणाले गेल्ता, तवा मोठ्या डाक्टरनं हळूच सांगितलं, "बाई, मूल होऊ देऊ नका. बाळंतपण तुमच्या हृदयाला झेपणार नाही." मी म्हटलं, साहेब, नऊ वर्षांत नाई झालं, आता कायचं होते! किती हसली मी.

नाई, काई नाई. दम घेऊन राहिली.

झालं ना वो. तिसरा महिना लागला. डाक्टर काय बोलला ते कोणालेच सांगितलं नाई मी. श्रावण तं जिनिंगात सांगत फिरून राहिला, अन् सासूनं जुनं लुगडं फाडून दुपटी शिवाले घेतली. आज रक्त तपासाले जाते म्हणून घरून निघाली — रक्त कायचं, मोठ्या दवाखान्यात पोट मोकळं कराले बोलावलं हाय. सकाळची बस आली, ते भरली होती. म्हणजे — जागा होती. दुसरी आली, तिचा ड्रायवर मले पसंत पडला नाई. भेव लागते वो बाई. मराचं लागते, अन् मोकळी होऊन घरी याचं त्याच्याहून जास्त लागते.

हे पाहा, आली तुमची. उठा, संत्र्याच्या टोपल्या चढाच्या आधी खिडकी धरा. मी? मी कायले नागपूरले जाते? मी तं मोहगावच्या बसची वाट पाहून राहिली, माहेर हाय माहं. मंघाशी म्हटलं असन, दमात माणूस काहीबी बोलते. — हात सोडा वो बाई. सोडा म्हटलं ना. कंडक्टर बोंबलून राहिला, चढा तुमी.